सायलेन्सरवाले भावोजी

अख्ख्या जपानात सर्वांत मोठा आवाज कुणाचा, अशी स्पर्धा कुणी ठेवली तर पहिलं बक्षीस आमच्या भावोजींना मिळेल, आणि दुसरं, तिसरं, उत्तेजनार्थही त्यांनाच द्यावं लागेल. बाकीचे स्पर्धक कानात बोटं घालून केव्हाच घरी गेलेले असतील. आणि अशा ह्या माणसाला आयुष्यात वेड कशाचं, तर सायलेन्सरचं! स्कूटरच्या नव्हे, बंदुकीच्या. तेही आजच्या नव्हे, शंभरेक वर्षांपूर्वीच्या. देवाला कधीकधी चेष्टेची लहर येते म्हणतात, त्या लहरीत त्याने भावोजींना घडवलं असावं.

भावोजी म्हणजे नात्याने आमचे कुणी नव्हेत. त्सुकुबात माझा नवरा ज्या संशोधन संस्थेत लागला तिथेच ते आधीपासून होते, वयाने मोठे होते, म्हणून ते भावोजी आणि मी वहिनी. इमारतींमध्ये हवा खेळवणाऱ्या नळ्यांची घरघर कमी कशी करावी, ह्यावर त्यांचं संशोधन. लग्न केलेलं नाही. दुमजली इमारतीत वरच्या मजल्यावर आमचं घर आणि शेजारी त्यांचं. मधली भिंत अशी की ते शिंकले की मी इकडून "हळू!" म्हणायची आणि तिकडून "बरं!" असं उत्तर यायचं. आता आम्ही तोक्योतल्या ओजिमाला राहतो. इथल्या भिंती चांगल्या जाडजूड आहेत आणि कुणाच्या घरचं काही म्हणून कळत नाही. सुरुवातीला तर मला करमायचंच नाही.

आता जपानात बंदूक सोडाच, बंदुकीचा स्क्रू घरात ठेवायची सोय नाही. त्यामुळे भावोजींच्या संग्रहात सायलेन्सर एकही नव्हता. होते ते सायलेन्सरचे कागद. जुन्या कंपन्यांची विक्रीपत्रकं, जाहिरातींची रंगीत कार्डं, वापरायच्या सूचनांच्या पुस्तिका, आणि सायलेन्सर मधोमध उभा चिरला तर आत कसा दिसेल त्याची चित्रं. तोक्योच्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून, इंटरनेटवरच्या लिलावांतून, कुठून कुठून त्यांनी हे गोळा केलेलं. प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पिशवीत, आणि पिशवी उघडायच्या आधी साबणाने हात धुवायचे. आपल्याकडे पैठणीचा पदर उलगडून बायका बोलतात ना, तसे ते एकेका चित्रावर बोलायचे. "हे बघा वहिनी, हे आतले पडदे! काय बाक दिलाय, वा! आणि हा बघा, ह्याच कंपनीचा पाच वर्षांनंतरचा. सगळी नजाकत गेली. नुसत्या चकत्या लावल्यात मेल्यांनी." मला दोन्ही चित्रांत कापलेली भेंडी दिसायची, पण मी "अगंबाई, खरंच की" म्हणायची. भेंडी म्हटलं असतं तर आणखी तासभर समजावून सांगितलं असतं.

खराखुरा सायलेन्सर त्यांनी आयुष्यात एकदाच पाहिला, युरोपात एका परिषदेला गेले असताना, म्युझियमच्या काचेआड. दीड तास त्या काचेसमोर उभे होते. शेवटी तिथल्या रखवालदाराला वाटलं, ह्यांना चक्कर येतेय, म्हणून त्याने खुर्ची आणून दिली. तर ह्यांनी त्या बिचाऱ्यालाच खुर्चीत बसवलं आणि सायलेन्सर समजावून सांगितला. आमच्या घरी एकदा सिनेमा लावला होता. त्यात नायकाने पिस्तूल झाडलं आणि नुसतं 'फुस्स' झालं. भावोजी उठून उभे! "साफ खोटं! दार आपटल्याइतका आवाज आलाच पाहिजे! कोण लिहितं हे?" ते पुढे इतका वेळ ओरडत होते की कुणी कुणाला मारलं ते आम्हाला आजतागायत कळलेलं नाही.

एकदा चौकीतला पोलीस आला. इथे अधूनमधून येतात, घरात कोण राहतं, अडीनडीला कुणाला कळवायचं, एवढं एका कार्डावर लिहून घेतात आणि जातात. भावोजींनी कार्ड भरलं आणि कुणी विचारलेलं नसताना आपला छंदही सांगितला. तोही जपानीत, आणि त्यांच्या नेहमीच्या आवाजात. 'बंदुकीचे सायलेन्सर' एवढे शब्द भिंतीपलीकडे मला लख्ख ऐकू आले. म्हटलं, गेले भावोजी! मी धावत गेले. तो तरुण पोलीस दारातच ताठ उभा. मग त्याने बूट काढले, आत आला, एकेक पिशवी पाहू लागला, आणि भावोजींनी त्याला आधी हात धुवायला पाठवलं! दोन तासांनी तो चहा पिऊन बाहेर पडला. जाताना माझ्याकडे बघून इतक्या दमलेल्या चेहऱ्याने वाकला की मलाच वाईट वाटलं. कार्डावर त्याने 'जुने कागद जमवतात' एवढंच लिहिलं होतं.

"पण भावोजी, बंदुकीचंच वेड का हो?" असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी एक जाहिरातकार्ड पुढे केलं. घरामागच्या बागेत एक गृहस्थ निशाण्याचा सराव करतोय आणि शेजारच्या खिडकीत बाळ झोपलंय. "शेजाऱ्याची झोप मोडू नये म्हणून एवढा खटाटोप! बंदूक गेली खड्ड्यात हो, मला हा विचार आवडतो. आवाज दाबून मरत नाही, वहिनी. त्याला बसायला जागा द्यायची. ह्या खोलीत थोडा बसला, पुढच्या खोलीत थोडा, की निवतो आपोआप." हे सगळं असं गरजून, की खाली लावलेल्या सायकलींनीही ऐकलं असेल.

ह्या गरजण्यामागे मात्र एक कारण होतं. त्यांच्या आई फलटणला एकट्या राहायच्या आणि त्यांना कमी ऐकू यायचं. मुलाने पाठवलेलं कानातलं महागाचं यंत्र त्यांनी खराब होऊ नये म्हणून देवघरात ठेवलं होतं. दसऱ्याला त्यावर हळदकुंकू पडायचं, कानात ते कधीच गेलं नाही. दोन हजार अकराच्या भूकंपात फोन बंद पडले. भावोजींना फलटण लागलं ते दुसऱ्या दिवशी, तेही नुसत्या खरखरीत. तेव्हा ते जिवाच्या आकांताने ओरडले होते, "आई, मी ठीक आहे!" तो आवाज त्या माउलीच्या मनात बसला. मुलगा मोठ्याने बोलला म्हणजे सुखरूप, आवाज जरा उतरला की झालं, भूकंप आला! तेव्हापासून रोज सकाळी नऊला, म्हणजे फलटणच्या साडेपाचला, आमच्या भिंतीपलीकडून तोफा सुटायच्या: "जेवलीस का काल? गोळी घेतलीस का? इथे सगळं ठीक आहे!" संध्याकाळी फोन करून चालायचं नाही, तेव्हा त्यांच्या मालिका असायच्या. ह्या तोफांवर मी घड्याळ लावायची.

असं चार वर्षं चाललं. मग एक दिवस सगळ्यांच्या टपालपेटीत इमारत सांभाळणाऱ्या कंपनीचा कागद पडला. सकाळच्या वेळी मोठा आवाज होत असल्याची तक्रार आहे, रहिवाशांनी एकमेकांची काळजी घ्यावी. कुणाचा आवाज, हे इथे कधी लिहीत नाहीत. नाव न घेता सगळ्यांना सांगायचं आणि ज्याचं त्याने ओळखायचं, अशी इथली रीत. आम्ही दोघांनी तत्काळ ओळखलं. भावोजीही कागद घेऊन तत्काळ आले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "वहिनी, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या कुकरचा बंदोबस्त मी करतो."

आता काय बोलणार, सांगा! आम्ही नवराबायको मूग गिळून बसलो. त्या माणसाने शनिवार-रविवार खपून चहाच्या तीन पत्री डब्यांना भोकं पाडली, आत पडदे बसवले आणि माझ्या कुकरवर झाकायला सायलेन्सर केला. ठोकाठोकीचा आवाज कुकरच्या शंभर शिट्ट्यांना भारी होता. पण काम चोख! शिट्टी इतकी मऊ झाली की मला मोजता येईना, आणि आठवडाभर आमच्या घरी डाळ आणि भात एकमेकांत मिसळलेलेच निघाले. भावोजी मात्र चमचा चाटत म्हणाले, "शांतता आहे की नाही?"

दोन आठवड्यांनी दुसरा कागद आला. ह्या वेळी त्यात 'सकाळी नऊच्या सुमारास' असं लिहिलेलं होतं, आणि असंच चाललं तर संबंधित घराच्या भाडेकराराचा विचार करावा लागेल असंही. भावोजी चक्रावले. तुमचा कुकर तर सातला होतो, मग हा नऊचा चोर कोण? त्याला पकडायला त्यांनी संस्थेतून आवाज मोजायचं यंत्र आणलं, सकाळी जिन्यात लावलं, आणि आत जाऊन आईला फोन केला.

पाऊण तासाने आमची बेल वाजली. दारात भावोजी, हातात आलेख काढलेला कागद. बरोबर नऊला त्यात तीन सुळके उभे होते. शेजारी घातलेली वेळ मला दाखवत त्यांनी तोंड उघडलं, आणि पहिल्यांदाच मला पुढे वाकून ऐकावं लागलं. "वहिनी, हा मीच आहे हो."

माणूस पार ओशाळला. मला तर कुठे तोंड लपवू असं झालं, कारण आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी ते फोनवर हळू बोलले. दहा मिनिटांत माझा फोन वाजला, अडीनडीला म्हणून दिलेल्या नंबरावर, फलटणहून भावोजींच्या आईंचा. "सूनबाई, खरं सांग, काय झालंय तिकडे? तो नुसतं कुजबुजतोय. जमीन हलली ना? माझ्यापासून लपवू नका गं!" बाई रडत होत्या. मोठ्याने बोलावं तर घर जाणार, हळू बोलावं तर आईचा जीव जाणार. भावोजी दोन दिवस जेवले नाहीत.

तक्रार खालच्या मजल्यावर राहणाऱ्या नर्सबाईंची होती, हे इस्पितळाच्या रात्रपाळीहून त्या नऊला झोपायला येतात त्यावरून आम्ही ताडलं. भावोजी मिठाईचा डबा घेऊन माफी मागायला गेले, मी दुभाषी म्हणून बरोबर, कारण त्यांचं जपानी कामापुरतं आणि छंदापुरतंच. कोनबिनीत, म्हणजे इथल्या चोवीस तास उघड्या दुकानात, पार्टटाइम काम केल्याने मला जपानीत माफी मात्र फर्डी मागता येते. नर्सबाई आमच्याहून जास्त संकोचल्या. म्हणाल्या, इथे राहायला आल्यापासून वर्षभर बोलायचा धीर होत नव्हता, वाटायचं, रोज कुणाशी तरी भांडतात. ते काय म्हणतात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं, आईला विचारतात, जेवलीस का. बाईंनी मिठाईचा डबा बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "काहीतरी करू या."

भावोजींनी रजा टाकली. इथे घरात गाद्या ठेवायला भिंतीत खोल कपाट असतं, ते त्यांनी रिकामं केलं. अंड्यांचे ट्रे, जुन्या गाद्या, पुठ्ठ्याचे एकाआड एक पडदे. दार लावून आत माणूस मांडी घालून बसेल असा सायलेन्सर! चाचणीची पद्धतही ठरली: खालून नर्सबाईंनी झाडूने छताला ठोकायचं, एक ठोका म्हणजे ऐकू येतंय, दोन म्हणजे येत नाही. पंधरा मिनिटं कुणी ठोकेचना. डॉक्टरेट झालेल्या माणसाच्या लक्षात आलं नव्हतं, की जिला ऐकूच येत नाही तिला ठोकायचं केव्हा ते कळणार कसं! शेवटी 'आता आत ओरडतायत' असं मी जिन्यात उभी राहून हातवाऱ्यांनी खाली सांगत होते. नर्सबाई खाली पायरीवर बसून हसत होत्या, आणि मला म्हणाल्या, "काहीच ऐकू येत नाही हो."

रविवारी सकाळी नऊला भावोजी फोन घेऊन कपाटात शिरले. मी त्यांच्या स्वयंपाकघरात चहा टाकला. एरवी चार मिनिटांत आटपणारा फोन, पण वीस मिनिटं झाली तरी दार उघडेना. मला धास्ती वाटली, गुदमरले की काय आत! मी दार सरकवलं.

ते गाद्यांमध्ये पाय मुडपून बसले होते. डोळे भरलेले. फोनवर हात ठेवून, अगदी साध्या आवाजात ते मला म्हणाले, "वहिनी, इथे घुमत नाही ना काही, तिला एकेक शब्द कळतोय. म्हणाली, ओरडू नकोस रे, ऐकू येतंय मला. आणि माझ्या तोंडून निघूनच गेलं. म्हटलं, आई, त्या भूकंपाच्या दिवशी मी ठीक नव्हतो. टेबलाखाली बसून तुला हाका मारत होतो."

"मग? काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"म्हणाली, थांब. गॅसवर दूध आहे, ते बंद करून येते. मग सगळं सांग."