मार्थामावशीचा प्याला

मार्थामावशी कुणाच्याही घरात शिरली की आधी पाणी मागायची, तहान असो वा नसो. साकीनाक्याच्या वस्तीत कुणी तिच्यासाठी दुकानातून बाटली आणायला निघालं, तर म्हणायची, "घरातलं दे गं. तुझं पाणी माझ्या घशाखाली उतरत नसेल, तर तुला मी कसली सुवार्ता सांगणार?" नर्सची नोकरी करून निवृत्त झालेली ही बाई मरोळच्या आमच्या मराठी चर्चची बिनपगारी प्रचारिका होती. पिशवीत बायबल असायचं, पण वर मलमपट्टीचं सामान आणि रेशनकार्डाचे अर्ज. बायबल बाहेर निघायला बराच वेळ लागायचा.

गटारं साफ करणारा महादू तिला असाच भेटला. त्याच्या पायाची जखम चिघळली होती. ती तिने रोज जाऊन धुतली आणि मग कंत्राटदाराच्या ऑफिसात ठाण मांडलं. "गमबूट दे, नाहीतर उद्या तू उतर खाली. मी वर उभी राहून बघते." तिसऱ्या दिवशी बूट मिळाले. पुढे महादूने बाप्तिस्म्याचा विषय काढला तेव्हा तिने त्यालाही झापलं, "बुटांची परतफेड म्हणून येत असशील तर नको येऊस." तो वर्षभर विचार करून आला.

आमच्याकडे प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षारस घेण्याच्या विधीला, सगळे एकाच प्याल्यातून पीत. महादू रांगेत दिसू लागला आणि दोनच महिन्यांत चर्चच्या कमिटीला आरोग्य आठवलं. प्रत्येकाला वेगळा छोटा पेला, असा ठराव आला. महादूचं नाव कुणी घेतलं नाही. सभ्य माणसं ना आम्ही.

मावशी उठली. "कोरोनानंतरसुद्धा आपण याच प्याल्याकडे परत आलो. मग आता कुठला नवा रोग आला रे? नाव सांगा त्याचं."

ठरावाच्या बाजूने हात वर झाले, त्यात माझाही होता. त्या हाताची मला आजही चीड येते.

महादू तिला म्हणाला, "राहू दे ना मावशी. वेगळ्या पेल्याची सवय आहे मला."

"मला नाही," ती म्हणाली.

त्यानंतर दर रविवारी ती वेदीपाशी गुडघे टेकायची आणि पेला पुढे आला की नकारार्थी मान हलवायची. प्रभुभोजन कधी न चुकवलेली बाई दोन वर्षं उपाशी उठत होती, आणि आम्ही तिला हट्टी म्हणत होतो.

शेवटच्या आजारात चर्चचे पाळकसाहेब प्रभुभोजन घेऊन तिच्या घरी गेले, तेव्हा मी सोबत होतो. महादू उशाशी बसला होता. अंगठ्याएवढा पेला पुढे आला.

"आधी त्याला," ती म्हणाली.

"त्याला दुसरा देतो, मावशी."

"दुसरा नको. हाच."

महादूने ओठ ओले केले आणि उरलेला थेंब तिला पाजला. चार दिवसांनी ती गेली. अंत्यविधीला कमिटीने तिच्या सेवेचं तोंड भरून कौतुक केलं. ते ऐकताना माझ्या अंगाचा तिळपापड होत होता.

पेले अजून तसेच चालू आहेत. आता मी महादूशेजारी गुडघे टेकतो. पेला आला की तो मान हलवतो, मग मीही हलवतो.