फी वाढायच्या आत

लग्न होऊन मी दिग्रसला आले, तेव्हा आमच्या भिंतीला लागून एका पिंजाऱ्याचं घर होतं. साल अठ्ठावन्न असेल, नाहीतर एकोणसाठ. चाचा धुनकीवर कापूस पिंजायचे आणि चाची गाद्या शिवायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं. मला नव्या गावात करमत नसे, म्हणून दुपारी मी चाचींजवळ जाऊन बसायची. गादीला टाके कसे घालायचे ते त्यांनीच मला शिकवलं.

चाची दारव्ह्याकडच्या एका खेड्यात जन्मल्या आणि दिग्रसला नांदायला आल्या. पण कागदावर त्या पाकिस्तानी होत्या. फाळणीनंतर त्यांचा भाऊ आईला घेऊन कराचीला गेला. आई आजारी पडली असं कळलं, तेव्हा चाची तिला भेटायला गेल्या. आई लवकर बरीही होईना आणि जाईनाही. ती वारल्यावर चाची परत यायला निघाल्या, तोवर येण्याजाण्याचे कायदे बदलले होते. तिथला पासपोर्ट घेतल्याशिवाय निघताच येईना. त्यांनी तो घेतला आणि स्वतःच्या नवऱ्याच्या घरी व्हिसावर आल्या. तेव्हापासून मुदत संपत आली की फी भरून ती वाढवून घ्यायची, आणि ठाण्यात हजेरी लावायची.

"माहा जलम इथला, निकाह इथला," त्या सुई ओढता ओढता म्हणायच्या, "मंग मी परदेशी कायनं झाली वं पोरी?"

एका हिवाळ्यात तहसीलबाहेर बसणाऱ्या अर्जनविसानं चाचांना सांगितलं की नवरा इथला असेल तर बायकोला इथलं नागरिक होण्यासाठी अर्ज करता येतो. मात्र एप्रिलपासून सगळ्या अर्जांची फी वाढणार आहे, असं तो म्हणाला. चाचा सांगत आले तेव्हा त्यांच्या दाढीत, भुवयांत कापूस तसाच होता.

"मार्चच्या आत अर्ज गेला पायजे," ते म्हणाले. "एकदा होऊन जाऊ दे. मंग कायची हजेरी न कायचं काय!"

त्या दिवसापासून त्या घरात दुसरं बोलणं नव्हतं. चाचा पहाटेपासून पिंजायला बसत. खोकल्यानं बेजार झाले तरी आलेलं काम परत पाठवत नसत. चाचींनी पायातले वाळे मोडले. मीही माझ्या घरचं आवरून त्यांच्याबरोबर गाद्या शिवू लागले. फोटोसाठी आम्ही दोघी पुसदला गेलो. फोटोवाला म्हणाला, "बाई, सरळ पाहा." चाचींना काही केल्या हसू आवरेना. "सरकारले हसता फोटो चालत नाही का?" त्यांनी विचारलं, आणि मग तोही हसू लागला.

माहेरच्या गावचे म्हातारे पोलीस पाटील बैलगाडीतून साक्ष द्यायला आले. "तुह्या बापाले मी वळखतो न," एवढंच म्हणाले. चाची आत जाऊन रडल्या.

या धावपळीतच व्हिसाची मुदत संपत आली. ती वाढवायची तर तिची फी वेगळी भरावी लागणार होती. चाचींनी आठवण करून दिली, "हे बी भरा लागते न?"

"दोन्ही कुठून भरू?" चाचा म्हणाले. "आता तू इथलीच होऊन राह्यली. मुदत कायले वाढवतं?"

त्यांनी हे कोणाला विचारलं नाही. मार्चमध्ये आम्ही यवतमाळच्या कलेक्टर कचेरीत जाऊन जुन्या फीत अर्ज दिला. यवतमाळहून परतताना एस.टी.च्या खिडकीतून चाची मला गावं दाखवत होत्या. या गावात मावशी दिलेली, त्या ओढ्यात आपण पडलो होतो, असं सांगत होत्या. इतकं बोलताना मी त्यांना पुन्हा कधी पाहिलं नाही.

पावसाळा सरता सरता ठाण्यातला शिपाई आला. ओसरीवर बसून आधी पाणी प्यायला. मग मान खाली घालून म्हणाला की अर्ज नामंजूर झाला. मुदत संपल्यावर चाची परवान्याशिवाय राहिल्या, म्हणून त्यांना देश सोडावा लागेल.

चाचा यवतमाळला धावले. वाढलेली फी भरतो, दंड भरतो, म्हणून विनवलं. आता काहीच घेता येत नाही, असं उत्तर मिळालं. घरी येऊन ते धुनकीजवळ बसले आणि स्वतःच्या तोंडात मारून घेऊ लागले. चाचींनी त्यांचे हात धरले.

"तुमी चांगल्यासाठीच केलं," त्या म्हणाल्या. "आता असं नका करू. मी गेल्यावर कोण धरन तुमचे हात?"

निघायच्या दिवशी त्यांनी अर्धी राहिलेली गादी माझ्याकडे दिली. "गिऱ्हाईक उद्या येईन. टाके घालून देजो." मग पोलिसाबरोबर एस.टी.त चढल्या. चाचांना सोबत जायची परवानगी सरहद्दीपर्यंतही नव्हती. गाडी सुटली तरी ते स्टँडवर उभेच होते. माझ्या यजमानांनी त्यांना धरून घरी आणलं.

काही वर्षं कराचीहून पत्रं आली. पासष्टच्या लढाईत टपाल बंद झालं आणि त्यानंतर चाचींचं पत्र आलं नाही. चाचांनी काम सोडलं होतं. शेजारपाजारचे जेवण देत, ते कधी खात, कधी तसंच ठेवून देत. एका उन्हाळ्यात ते गेले. टपाल सुरू झाल्यावर मी चाचींना जुन्या पत्त्यावर लिहून कळवलं. उत्तर आलं नाही. आपला नवरा गेला, हे त्या बाईला कधी कळलं की नाही, मला आजही माहीत नाही.