टर्मिनलवरचं उलटं झाड

किस्से ठरवून जमवता येत नाहीत. आमच्याकडे तर ते कॉम्प्युटरच जपून ठेवायचा! नव्वदच्या दशकातली गोष्ट. जळगावात आम्ही डाळ मिलच्या वजनकाट्यांसाठी प्रोग्राम लिहायचो. प्रत्येक बदलासोबत नाव आणि कारण टाकणं सक्तीचं. ही सगळी यादी हिरव्या स्क्रीनवर रेघा आणि चांदण्या जोडून झाडासारखी दाखवणारा एक छोटा प्रोग्राम मी लिहिला आणि पस्तावलो.

*

सोनवणे पाचोऱ्याहून अप-डाऊन करायचा, नोकरीत नवा. त्याचं कारण कायम एकच: ‘बदल केला.’

म्हटलं, "बाबा रे, का केला ते लिही!"

दुसऱ्या दिवशी नोंद: ‘गरज होती म्हणून बदल केला.’ प्रगती!

*

आमचे साहेब नाना शेतकरी घरातले. स्क्रीन बघून म्हणाले, "झाडाचं मूळ वर? उलटं करा!"

केलं. मुळाकडच्या जुन्या नोंदी खाली सरकल्या, स्क्रीनमध्ये मावेनात.

"अहो, मूळच उपटलंत की!" नाना ओरडले.

*

एकाने फाइल घेतली की बाकीच्यांना कुलूप. सोनवणे फाइल घेऊन बसला आणि तशीच सोडून बहिणीच्या लग्नाला गेला. आठ दिवस आम्ही चहा पीत देशसेवा केली.

परतल्यावर त्याची नोंद: ‘एक स्वल्पविराम काढला.’

*

आमच्यातल्या शैलाताईंना नानांचं वजनाचं सूत्र पटेना. त्यांनी प्रोग्रामची आपली वेगळी फांदी काढली. नानांनी स्क्रीनवर बोट ठेवलं, "ही खोडाला परत कधी जोडणार?"

"नाही जोडणार, नाना. गिऱ्हाईकं हीच वापरतात!"

*

मग धुळ्याच्या मिलचा काटा बंद पडला. मालक आबा पहिल्यांदाच आमच्या ऑफिसात थडकले. "मी पाटील, इथला मॅनेजर," नानांनी अदबीने ओळख करून दिली.

"ज्यानी बिघाडं त्याले काढी टाका!" आबा कडाडले.

नाना तत्परच! त्यांनी थेट सोनवणेकडे बोट दाखवलं. सोनवणेची नोकरी अजून पक्की नव्हती, घरात कमावणारा तो एकटा. त्याला काढल्याचं पत्र टाइप होऊन सहीला आलंसुद्धा. सोनवणे भिंतीला टेकून उभा. मला खरंच संताप आला. "आधी नोंद बघू," म्हणून मी काटा बंद पडला त्या दिवसाचा कागद छापायला लावला.

प्रिंटर करकरला. आबांनी कागद स्वतःच फाडून घेतला, चष्मा लावला आणि मोठ्यानं वाचलं, "नाना. किरकोळ बदल. तपासायची गरज नाही. सोनवणेला सांगू नये."

आबांनी चष्म्यावरून एकेकाकडे पाहिलं.

"हाऊ नाना कोन शे?"