पश्चिमेकडे निघालेल्या चौघी आणि आम्ही दोघी

निवृत्त झाल्यावर बायका काय काय करतात. कुणी भिशी लावतं, कुणी भजनी मंडळात जातं, कुणी सुनेला सुधारायला घेतं. मी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली. सगळी नोकरी शाळेत मराठी शिकवण्यात गेली होती. दुसऱ्यांच्या लिखाणावर ‘लेखिकेने केलेले निसर्गवर्णन तुमच्या शब्दांत लिहा’ असले प्रश्न इतके काढले होते, की आपल्याला निसर्गवर्णन जमणारच, याबद्दल मला शंका नव्हती.

विषय घरचाच होता. आमचं घराणं तेलंगणातून आलेलं विणकरांचं. घरात आम्ही अजून तेलुगू बोलतो, बाहेर मराठी, आणि भांडताना जे आधी तोंडात येईल ते. तिकडे दुष्काळ पडला तेव्हा माणसं माग सोडवून गाडीत घालून पश्चिमेकडे निघाली आणि सोलापुरात येऊन थांबली, एवढं लहानपणापासून ऐकलेलं. पुरुषांनी काय केलं ते सगळे सांगायचे. बायका कशा आल्या ते कुणीच सांगत नव्हतं. म्हणून मी चार बायका घेतल्या. एक विधवा, एक गरोदर, एक म्हातारी, एक बंडखोर. चौघी एका बैलगाडीत. म्हातारीच्या मांडीवर परडी, परडीत एल्लम्मा. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी समोर सूर्य मावळायचा आणि चौघी हात जोडून त्याच्याकडे बघत राहायच्या. लिहिताना माझे डोळे भरून येत. वाचताना नवऱ्याचे येत नसत, पण तो तेलुगू माध्यमात शिकलेला, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

दुसरी वाचक होती आपा. आपा आमच्या शेजारच्या इमारतीत राहते. उर्दू शाळेत भूगोल शिकवायची. दहावीचे पेपर तपासायच्या केंद्रावर आमची ओळख झाली आणि दोघी निवृत्त झालो तरी टिकली. ती माझ्याहून थोडी मोठी म्हणून मी तिला आपा म्हणते. ती मला तेव्हा बाई म्हणायची, आजही बाईच म्हणते.

तिने पाच प्रकरणं वाचली, चष्मा पुसला आणि म्हणाली, “छान आहे गं बाई. पण या जेवतात कधी?”

“म्हणजे?”

“सारखा सूर्यच मावळतोय की. चूल कुठं पेटत न्हाई. आन् चार बायका एका गाडीत, एकदाबी भांडण न्हाई? आमच्या स्टाफरूममधे एका खुर्चीवरून वर्षभर अबोला चालला होता.”

“त्या श्रद्धेनं बांधलेल्या होत्या, आपा.”

“श्रद्धा मलाबी हाय. म्हणून मला राग येत न्हाई का?” मग तिने हळूच विचारलं, “तू बैलगाडीत बसलीस का कधी?”

मी बसले होते. सहलीला, एका हॉटेलच्या दारात ठेवलेल्या गाडीत, फोटोपुरती. तिला बैल नव्हते.

आता प्रश्न माझ्या अब्रूचा झाला. मी जाहीर केलं, की आपण दोघी एक दिवस खरोखरीच्या बैलगाडीतून खरोखरीच्या वाटेनं प्रवास करायचा. आपाच्या चुलतभावाची अक्कलकोटच्या अलीकडे शेती आहे. त्याने ‘ट्रॅक्टर देतो, ट्रॉलीत गादी टाकून देतो’ असं पुष्कळ समजावलं. मी ऐकेना, तेव्हा त्याने कानडी बोलणारे एक म्हातारे गाडीवान शोधून काढले. त्यांना आम्ही अण्णा म्हणू लागलो. ठरलं असं, की सकाळी तिकडून निघायचं, गाडीवाटेनं वळसंगपर्यंत यायचं आणि तिथून एसटी धरून घरी.

संक्रांत नुकतीच होऊन गेली होती. मी तयारीला लागले. व्हिडिओ बघून कासोटा घातला. मोबाइल घरी ठेवला. चप्पल काढली, कारण माझ्या चौघी अनवाणी होत्या. सोबत तांब्याचा एक तांब्या घेतला. आपा नेहमीच्या सलवार-कमीझमध्ये आली. तिच्या पिशवीत छत्री, दोन उशा, थर्मास, कडक भाकरी, शेंगाचटणी आणि मिठासाखरेच्या पाण्याची पाकिटं होती. मला तिची जरा कीव आली. ही सहलीला निघाली होती. मी इतिहासात निघाले होते.

इतिहासात धक्के फार बसतात. चाकं दगडावर चढली, की माझे दात एकमेकांवर आपटत. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आली होती. वर्णन करण्यासारखी होती, पण ती एका जागी दिसेल तर वर्णन करणार. तेवढ्यात आपाने मोबाइल काढून बघितला आणि म्हणाली, “बाई, ही पश्चिम न्हाई. वायव्य हाय.”

“मग कादंबरीत ‘वायव्येकडे निघालेल्या चौघी’ असं लिहू का?”

“खरं ते लिही,” आपा म्हणाली आणि उशी नीट केली.

थोड्या वेळाने मला वाटलं, चौघी सगळी वाट काही बसून आल्या नसतील. मी उतरून गाडीबरोबर चालू लागले. मान ताठ, नजर क्षितिजावर. नजर क्षितिजावर असल्यामुळे बाभळीचा काटा दिसला नाही. तो टाचेत गेला आणि आत मोडला. मी मटकन खाली बसले तसा कासोटाही सुटला. अण्णांनी सभ्यपणे तोंड फिरवलं आणि बैलांशी कानडीत काहीतरी बोलले. बैलांनीही बहुतेक तोंडं फिरवली.

पुढे एक लिंबाचं झाड होतं. तिथे गाडी सोडली. आपाने ओढणीची पिन काढून माझा काटा काढला, टाचेला रुमाल बांधला. मग म्हणाली, “माझी नमाजची येळ झाली. तुझा तांब्या दे.” तिने त्या पाण्याने हातपाय धुतले. अण्णांनी एक धुतलेलं पोतं अंथरून दिलं. “पश्चिम, जराशी उत्तरेला,” असं स्वतःशीच म्हणत आपा उभी राहिली. गाडीचं तोंड एकीकडे आणि तिचं दुसरीकडे.

मी झाडाला टेकून बघत होते. या क्षणी आपल्याला काहीतरी खोल वाटायला हवं, असं मला तीव्रतेने वाटत होतं. प्रत्यक्षात मला भाकरी आणि शेंगाचटणी आठवत होती.

ती उठली तेव्हा मी म्हणाले, “आपा, हे मी म्हातारीच्या प्रकरणात घेते. ती परडीपुढं अशीच वाकते, आणि तिच्या डोळ्यांतून धारा लागतात.”

“माझ्या कुटं लागल्या?”

“अगं, कादंबरीत लागाव्या लागतात.”

“मी काय मागितलं म्हाईत हाय तुला? वाकताना गुडघा दुखू नये, आन् तुझी टाच पिकू नये. तेवढंच. त्यात रडायचं काय?” तिचा आवाज चढला. “तुझ्या बायका खोट्या हैत, बाई. देवापुढं कुणी असं नाटक करतं का?”

आता टाच ठणकत होती, पोट रिकामं होतं आणि ती खरं बोलत होती. तिन्ही गोष्टी एकदम मला सहन झाल्या नाहीत. मी म्हणाले, “तू नकाशे शिकवलेस आयुष्यभर. साहित्यातलं तुला नाही कळायचं.”

गाडी निघाली तेव्हा आपा गाडीत बसलीच नाही. छत्री उघडून मागून चालू लागली. मला उतरता येईना, माफी मागता येईना. दोन्ही उशा माझ्याकडे आल्या होत्या आणि त्यांवर बसायची लाज वाटत होती. तरी बसले.

शेवटी अण्णा मागे न बघता म्हणाले, “त्या रुसल्याती की तुमी?”

“दोघी,” मी म्हणाले.

“मग दोघी गाडीत बसून रुसा की. उनात कशाला?”

आपाने ऐकलं, पण छत्री हलली नाही. मी मागे वळून तिच्याकडे बघत बसले, आणि उलट्या दिशेने बघत धक्के खाल्ले की जे व्हायचं तेच झालं. कपाळाला घाम फुटला, डोळ्यांपुढे काळं आलं. “अम्मा!” एवढंच तोंडून निघालं आणि मी गाडीच्या कडेवरून ओकले. माझ्या कादंबरीत तोवर कुणाला साधी शिंकही आली नव्हती.

पाठीमागून धावत येणारी पावलं ऐकू आली. आपाचा गार हात माझ्या कपाळावर आला. गुडघेदुखी विसरून ती चालत्या गाडीत कशी चढली, देव जाणे. एका हाताने माझं डोकं धरलं, दुसऱ्याने माझ्यावर छत्री धरली.

“हो गया? और?”

मी मान हलवली. और होतं. तेही झालं. मग तिने थर्मासच्या झाकणात मिठासाखरेचं पाणी कालवलं. “माझा राग अजून गेला न्हाई,” ती म्हणाली. “पन पानी पी.”

“आपा, चुकलं माझं.”

“बोलू नको. बोललीस की परत येतंय.”

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिले. ती तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती. दुवा असेल, किंवा मला शिव्या. विचारायची हिंमत झाली नाही. मला मात्र त्या वेळी कुठल्याच देवाचं नाव आठवत नव्हतं. तिच्या ओढणीला निलगिरीचा वास येत होता आणि आपण एकट्या नाही, एवढं कळत होतं.

वळसंग काही माझ्याच्याने गाठवलं नाही. डांबरी रस्ता लागला तिथेच अण्णांनी एक कडब्याचा टेम्पो थांबवला. ऐतिहासिक प्रवासाचा उरलेला भाग मी ड्रायव्हरशेजारी, मांडीवर प्लास्टिकची पिशवी धरून केला. घरी येऊन तापाने पडले. आपा रोज खिचडी घेऊन यायची, माझ्या टाचेची चौकशी करायची आणि कादंबरीबद्दल चकार शब्द काढायची नाही. तो अबोला मात्र मला कोणत्याही टीकेपेक्षा जास्त लागला.

ताप उतरल्यावर मी लिहिलेलं बरंचसं फाडलं. नवं प्रकरण लिहिलं. त्यात मीठ कुणी सांडलं यावरून विधवा आणि बंडखोर भांडतात, दोन गावं मागे पडेपर्यंत एकमेकींशी बोलत नाहीत. मग बंडखोर आजारी पडते आणि विधवा तिचं डोकं मांडीवर घेते, पण बोलत नाही ती नाहीच. चौघी आता रांधतात, धुतात, उवा काढतात, त्यामुळे पुढे सरकायला त्यांना फार वेळ लागतो. अजून गुलबर्गासुद्धा आलेलं नाही.

ते प्रकरण मी आपाला दिलं. तिने ते माझ्यासमोरच, बोट फिरवत वाचलं.

“ही तोंडाळ बंडखोर,” ती म्हणाली, “ही मी हाय का?”

“नाही. ती मी आहे.”

“वाटलंच मला. सारखी चुकतीया.” तिने पान उलटलं. “पन ही विधवा लई कमी बोलतीया बाई. इतकं कोन गप बसतं? तिला जरा बोलू दे.”

मी पेन घेतलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसले. “बोल,” म्हणाले. “काय बोलेल ती?”