वडिलांनी थापलेली भाकर

धारूरच्या खाली आमचं गाव. ख्रिस्ती घरं थोडीच, आणि चर्च म्हणजे पत्र्याची एक खोली. महिन्यातून एकदा पाळक, म्हणजे आमचे धर्मगुरू, येतात, तेव्हा प्रभुभोजन होतं; येशूच्या आठवणीत एकच भाकर मोडून सगळे तुकडा खातात आणि प्याल्यातला द्राक्षरस घेतात. त्यासाठीची भाकर दर वेळी एका घरानं आळीपाळीनं करायची, अशी आमच्या मंडळीची रीत आहे. विकतचा पाव कुणी आणत नाही. ज्वारीचीच भाकर, घरच्या चुलीवरची.

माझ्या वडिलांची दारू सुटून बराच काळ झाला होता. प्रार्थनेला ते यायचे, पण भाकर मोडायची वेळ आली की उठून बाहेर पायरीवर जाऊन बसायचे. दारूत आईवर उठलेला हात ते विसरले नव्हते. एकदा मला एवढंच म्हणाले, की देवानं माफ केलं असेल, पण प्रभूचं ते मेज आपल्यासाठी नाही. आई दर वेळी दाराकडे बघायची.

गेल्या थंडीत मी अंबाजोगाईच्या कॉलेजातून सुट्टीला आले होते. आमच्या घराची पाळी आली आणि आदल्या दिवशीच आईला ताप भरला. सकाळी मी पीठ मळलं खरं, पण भाकर परातीतच फाटायला लागली. वडिलांनी मला बाजूला सारलं. ऊसतोडीला जाऊन त्यांना भाकर थापायची सवय होती. अर्धी थापून झाल्यावर मात्र ते थांबले. ही भाकर कुठं जाणार, हे बहुतेक तेव्हा लक्षात आलं असावं. मग खाली मान घालून त्यांनी ती तव्यावर टाकली. एक कड करपली. वाटेत मला हळूच म्हणाले, आईनं केली म्हणून सांग.

मेज मांडणाऱ्या म्हाताऱ्या मावशींनी फडकं सोडलं आणि हसल्या. "आज तुजी माय झोपंत व्हती का गं? पार कोळसा केलाय."

तापातही हट्टानं आलेली आई भिंतीला टेकून बसली होती. ती म्हणाली, "मी न्हाई केली. ह्यांनी केली."

वडील उठून बाहेर गेले. पाळकांनी आभार मानून भाकर मोडली. ताटली आईपुढे आली तेव्हा तिनं तुकडा घेतला नाही. ताटलीच घेतली आणि भिंत धरत धरत पायरीपर्यंत गेली.

"घ्या."

"ह्या हातांनी तुला मारलंय."

"मला ठावं हाय. देवालाबी ठावं हाय. हात चांगले झाल्यावरच द्यायची असती, तर आत बसलेल्या कुणालाच मिळाली नसती. घ्या."

वडिलांनी दोन्ही हात सदऱ्याला पुसले. मग त्यांनी तुकडा घेतला. आई त्यांच्या शेजारी पायरीवर बसली आणि तिनंही घेतला. पाळक प्याला घेऊन बाहेर त्यांच्याकडे गेले.

पापी माणसावर देवानं प्रेम केलं, हे मी रविवारच्या शाळेपासून पाठ म्हणत आले आहे. ते मला तेव्हा कळत होतं की नाही, हे आज सांगता येणार नाही. त्या दिवशी पाळकांनी विचारलं, शेवटची आभाराची प्रार्थना, उपकारस्तुती, कोण करील? मी तोवर कधी उठले नव्हते. उठले, तर तोंडून एवढंच आलं, "प्रभू, आम्ही जसे होतो तसे तू आम्हाला घेतलंस." मी तशीच उभी राहिले. मग बाहेरून, पायरीवरून, वडिलांचं आमेन ऐकू आलं.