पुंजारामाची जोडी कॉम्प्युटरवर

भिंगारच्या रखमाजींची प्रज्ञा वेबसाइट बनवायची. साल नव्व्याण्णव. वेबसाइट म्हणजे काय हे समजावण्यात तिचा अर्धा दिवस जायचा आणि उरलेला इंटरनेट जोडलं जायची वाट बघण्यात. स्थळ घेऊन आलेल्या बायकांनाही ती तेच समजावत बसायची. बायका चहा पिऊन निघून जायच्या, आणि खरं सांगायचं तर तिला ते सोयीचंच होतं.

तिचं लाडकं गिऱ्हाईक म्हणजे काष्टीचे गोरक्षनाथ. बैलांच्या घुंगरमाळा, गोंडे, झुली घरी करायचे आणि काष्टीच्या शनिवारच्या बाजारात विकायचे. लिंबाखालची जागा त्यांच्या वडिलांपासूनची. पुण्याच्या भाच्यानं डोक्यात भरवलं म्हणून वेबसाइट केली. पानाच्या तळाशी प्रज्ञानं आकडा लावून दिला, कुणी पान उघडलं की एकानं वाढणारा. झालं! नातवाचं बाळसं बघून माणूस हरखत नाही तेवढे हे त्या आकड्यावर हरखले. रोज बूथवरून फोन.

"पोरी, आज किती पाव्हणे?"

आकडा वाढतच होता. एक दिवस म्हणाले, "आता उनात कशाला बसू? लिंबाखालची जागा एक जण मागतोय, येत्या शनवारी देऊन टाकतो. माल घरनंच जाईल, जगभर! आनि आनखी दोन व्यापारी तुझ्याकडं धाडतो."

प्रज्ञानं फोन ठेवला. पाहुणे एवढे, मग एका तरी माळेची मागणी नको का? तिनं पाहुण्यांच्या नोंदी काढल्या. बहुतेक सगळे नगरच्याच एका इंटरनेट कॅफेतून आलेले, आणि माळांच्या किमतीकडे ढुंकूनही न बघता एकच फोटो उघडून बसलेले. माळा घातलेल्या बैलजोडीचा.

तो कॅफे माळीवाडा स्टँडजवळ होता. प्रज्ञा गेली, तर आत एक बाई डोक्यावर पदर घेऊन, नाक कॉम्प्युटरच्या काचेला टेकेल इतकी वाकून बसलेली. ती काष्टीच्या पुंजारामाची साळूबाई. फोटोतली जोडी त्यांचीच.

"ह्यो पवळ्या, ह्यो हिऱ्या. पवळ्या वाळलाय का गं?"

"अहो मावशी, फोटो पोळ्याचा आहे. फोटोत कसा वाळेल?"

"नवं घरदार हाय, कोन वैरन घालतंय येळेवर?" साळूबाईनं ऐकलंच नाही. "टॅक्टर घेतला आन् जोडी इकली. दावन मोकळी बघवत न्हाई. गोरखभाऊ म्हनले, नगरला गेलीस की बघून येत जा. मी येते, जावा येत्यात. आमचं म्हातारं कोर्टाच्या तारखेला आलं की आधी हितं, मग वकिलाकडं!"

प्रज्ञा हसली खरी, पण काष्टीच्या एसटीत बसल्यावर तिचं हसू गेलं. खरं सांगितलं तर हे गिऱ्हाईक तुटणार आणि येणारे दोघंही फिरणार. आणि नाही सांगितलं तर म्हातारपणी माणूस बाजारातून उठणार. श्रीगोंद्याचा फाटा येईपर्यंत तिनं मनाची बरीच समजूत घातली. काष्टीला उतरली ती सांगायचं ठरवूनच.

सगळं ऐकून गोरक्षनाथ गोंडा ओवायचे थांबले.

"म्हंजी माझ्या माळा कुनी बघतच न्हाई?"

"बघतात की. बैलांच्या गळ्यात आहेत ना."

"मग घेत का न्हाईत?"

"काका, त्यांनी बैलच विकलेत. माळा काय ट्रॅक्टरला घालतील?"

मग आतून त्यांची बायको, झुंबरबाई, खुदकन हसली. "घालत्यात बी! पुंजारामदाजी दसऱ्याला इचारत हुते."

"तू गप गं!" म्हणाले गोरक्षनाथ, पण मिशीत त्यांनाही हसू आलंच. चपला घालून ते तडक जागा मागणाऱ्याकडे गेले आणि शब्द परत घेऊन आले. व्यापारी मात्र दोघंही फिरले. एकानं तर प्रज्ञाला तोंडावर येडी म्हटलं.

तिनं त्या आठवड्यात पान बदललं. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत: 'गोरक्षनाथ दर शनिवारी काष्टीच्या बाजारात, लिंबाखाली भेटतील.' खाली पवळ्या-हिऱ्या होते तसेच.

"आकडा?" गोरक्षनाथांनी फोनवर विचारलं.

"काढून टाकू?"

"नगं, ऱ्हाऊ दे. साळूबाई यिऊन गेली का, तेवढं कळतंय."