बरोबर उत्तरं

शरयू गेल्याचा फोन आला तेव्हा मी सांगवीच्या एका लग्नात तिचाच किस्सा रंगवत होतो. अख्खी पंगत हसत होती. हसता हसताच मी फोन उचलला... आणि हातातला घास हातातच राहिला.

शरयू माझी शाळेपासूनची मैत्रीण. वयात येणाऱ्या मुलांची समुपदेशक. पिंपरीच्या एका शाळेत ती नववीच्या मुलांकडून मनाच्या तब्येतीची प्रश्नावली भरून घेत होती. मी चाकणच्या कंपनीतला माणूस, पण चार श्रोते दिसले की राहवत नाही. म्हणून मदतीला गेलो. वर्ग नुसता चिडीचूप. मी त्यांच्या सरांची नक्कल केली, पोरं बाकांवर लोळली, आणि त्याच भरात मी गरजलो, "चला, आता बरोबर उत्तरं लिहा! कोरा पेपर चालणार नाही!" झालं! पोरांनी परीक्षेत करतात तेच केलं. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलीचं बघून मागच्यांनी लिहिलं, त्यांचं बघून त्यांच्या मागच्यांनी. उदास वाटतं का? कधीच नाही. झोप लागते का? नेहमी. सगळ्या वर्गाचं मन एकच! हा किस्सा मी वर्षानुवर्षं मिरवला.

पुढचं मात्र कधी सांगितलं नाही. सगळे कागद सारखेच, म्हणून तो गठ्ठा बाजूला पडला. तीन आठवड्यांनी शरयूने एकेक कागद उजेडात धरला. एकावर ‘कधीच नाही’च्या खाली खोडरबराने पुसलेली ओळ होती: ‘पोटात गोळा येतो, घास उतरत नाही.’ मुलगी लातूरकडची. ‘उदास’ हा शब्द त्या घरात कुणी बोलतच नव्हतं. शरयू तिच्या घरी पोचली तोवर पोरीची शाळा सुटली होती, जेवण सुटत आलं होतं. आई म्हणाली, "बाई, बाहेरचं समजून उतरून टाकलं, पण गुण नाही." शरयू त्या माउलीशेजारी बसून भाकऱ्या थापू लागली, तेव्हा कुठे पोर बोलली. सावरली ती. पण एक वर्ष गेलं तिचं... माझ्या एका टाळीच्या वाक्यापायी.

त्यानंतर शरयूने प्रश्नच बदलले. घरोघरच्या आयांना विचारून त्यांचे शब्द घेतले. मावळातल्या पोराला ती विचारायची, "करमत न्हाई का रं?" मला मात्र एका शब्दाने बोलली नाही.

दवाखान्यात शेवटची भेट झाली, तेव्हा नर्सबाईंनाही मी तोच किस्सा ऐकवला. शरयू हसली. मग म्हणाली, "नौटंक्या, कधीतरी पुढचंही सांग की."

"अगं, पुढचं ऐकून हसणार कोण?"

"तेच म्हणतेय मी," म्हणाली, आणि कूस बदलली.

परवा तिच्या कामाच्या खोलीत गेलो. तिच्या हाताखालच्या दोघी-तिघी दुसऱ्या दिवशीच्या शाळेसाठी कागद लावत होत्या. भिंतीवर तिच्या अक्षरात मदतनिसांसाठी सूचना. पहिलीच: ‘वर्गाला हसवू नये.’

"काका, मॅडम स्वतः किती हसायच्या," एकजण म्हणाली. "मग हा नियम कशाला हो?"

तिघीही माझ्या तोंडाकडे बघत होत्या, आता काहीतरी गंमत येणार म्हणून. इतकं आयतं व्यासपीठ...

"माझ्यामुळे," मी म्हणालो.